लसणाचा टॉवेल

साखर पेठेतल्या आमच्या वाचनालयात
एक पुस्तक होतं, रशियातून छापून आलेलं,
जाड, स्वस्त, डिंकाच्या वासाचं.
त्यातल्या एका गावाचं नाव कसरीनं खाल्लेलं,
शेवटचा ‘स्क’ तेवढा शिल्लक.

राजेशम चिलवेरी पाळी सुटली की यायचा,
भुवयांवर कापसाची लव घेऊन,
आणि तेच पान काढायचा.
मराठी वाचायचा बोट ठेवून,
अडला की तेलुगूत पुटपुटायचा,
मग पुस्तक माझ्याकडे सरकवायचा. वाच बे.

राजाचा हा चौथा मुलगा.
तिघांना शहरं देऊन झाली होती,
याला मिळालं नदीचं एक वळण
आणि मोजायचं राहून गेलेलं जंगल.
त्यानं मातीचा बांध घातला,
वर ओकाच्या ओंडक्यांची भिंत.
नावा थांबू लागल्या.
मेण, मध, कातडी,
दर नावेमागं मूठभर जकात.
“मूठ कुणाची?” राजेशम विचारायचा.
“सगळं त्यावर असतंय.”

तीस वर्षांत तीन देवळं झाली, लाकडाची.
शिशाचा शिक्का झाला, त्यावर पक्षी,
कुठला ते ओळखू येत नाही.
घंटा आली त्या दिवशी बायका रडल्या,
एवढंच लिहिलंय.
का रडल्या, ते नाही.

मग एका हिवाळ्यात नदी गोठली
आणि घोडेस्वार नदीवरूनच आले.
भिंत तीनच बाजूंना होती.
चौथीकडं नदी होती ना.
इथं तो दर वेळी पुस्तक मिटायचा.
“आपली सीना बघ उन्हाळ्यात,
पात्रातनं ट्रक जातात.
राखणदाराचाच रस्ता होतो.”

जळालं. पुन्हा बांधलं, जरा बुटकं.
मग वाटण्या.
अर्धं गाव एकाला, पाव दुसऱ्याला,
एका नातवाला नुसतीच
मधाच्या पोळ्यांची सतरा झाडं.
शेवटी मोठ्या शहराचा कारकून आला.
त्यानं कुणाला मारलं नाही.
घंटा उतरवली,
बर्फावरच्या गाडीत गवतावर निजवली
आणि पावती दिली.

‘पावती दिली’ खाली पेन्सिलची रेघ आहे.
पुस्तकात रेघ मारली की चार आणे दंड.
मी घेतला नाही.

गिरणी थांबली तेव्हा
भोंगा कुणी नेला, किती किलो भरला,
त्यानं विचारलं नाही, मीही काढलं नाही.
हिशोबाच्या पैशातून त्यानं
विडी घरकुलाजवळ एक जुना माग घेतला
आणि चौकटीच्या कागदावर, एकेक घर भरत,
ते गाव काढलं.
खाली नदी, कडेनं ओंडके,
मधे तीन देवळांचे तीन घुमट.

सत्तेम्मा विड्या वळता वळता म्हणाली,
“एल्लिगड्डा?”
मंगळवार बाजारात व्यापाऱ्यांना तेच दिसलं.
लसणाचा टॉवेल द्या, म्हणू लागले.
लातूर, गुलबर्गा, आहेराचे गठ्ठेच्या गठ्ठे.
दोन दिवाळ्या राजेशमच्या मागाचा खडखडाट
गल्लीत सगळ्यात उशिरा झोपायचा.
तिसऱ्या वर्षी शेजारच्या शेडनं
चार लसणांचा काढला, सहा रुपयांनी स्वस्त.

त्याला राग आला तो वेगळाच.
“चौथं देऊळ नव्हतंच बे तिथं!”
वाचनालयात येऊन
पान पुन्हा तपासलं त्यानं.
नव्हतंच.

माग भंगारात गेला, वजनावर.
राजेशम गेला त्याला आता नऊ वर्षं.
पुस्तक आहे.
कसर ‘स्क’च्या अलीकडं थांबलीय,
डांबराच्या गोळ्या मीच ठेवतो.

गेल्या आठवड्यात कन्ना चौकातल्या गाड्यावर
चहावाला पोरगा कपबश्या पुसत होता.
टॉवेल विरलेला, दोन घुमट गेलेले,
नदीचा नुसता पिवळा डाग.
पण कोपऱ्यात, कारखान्याचं नाव असतं तिथं,
लाल धाग्यातलं एकच जोडाक्षर.
मला कधी सांगितलं नव्हतं त्यानं.

विचारलं, कुठला रे हा?
पोरगा कोपरा बघून म्हणाला,
“स्क कंपनीचा.
बंद पडली ती.”